समोरची जागा

नवरा परक्या बाईच्या ओठांकडे टक लावून बघतो, हे कांडीला जहाजावरच्या दुसऱ्याच जेवणाला कळलं. पहिल्या जेवणाला तिने मनाची समजूत घातली होती. टेबल गोल आहे, माणूस कुठेतरी बघणारच. पण दुसऱ्या जेवणाला त्या बाईने तोंडाला रुमाल लावला आणि नवऱ्याचा, म्हणजे मिस्त्रींचा, घास हातातच थांबला. रुमाल खाली आला, तेव्हा कुठे घास तोंडात गेला. कांडीची भूकच मेली.

लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून लेक-जावयाने ही सफर दिली होती. निळा समुद्र, नवी नवी बंदरं आणि आपण न सांगता कुणीतरी रोज चादर बदलणार. निघण्याआधी महिनाभर कांडीने शेजारणींना पुरतं जेरीस आणलं होतं. आता तिला वाटत होतं, त्यापेक्षा घरी राहून गाद्यांना ऊन दाखवलं असतं तर काही पदरात पडलं असतं.

ती बाई कुणी साधीसुधी असती तर कांडीने एका दिवसात तिला वाटेला लावलं असतं. पण ती रेडिओवर बातम्या वाचणारी होती. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी लोक तिला आवाजावरून ओळखत. पाणी वाढणारा हातातला जग तसाच धरून थबकायचा. पलीकडच्या टेबलावरचे म्हातारे माना वळवायचे. ती एकटीच आली होती. नवरा वारला की सोडला, ते कांडीने विचारलं नाही, विचारलं असतं तर बाईने तेसुद्धा बातमीसारखं सांगितलं असतं. वय कांडीएवढंच, पण ओठांना गडद लाली, आणि शब्द असे, की एकेक धुऊन, पिळून, वेगवेगळा वाळत घातलाय. बोलताना बाई समोरच्याकडे तोंड करून बसायची, जराही हलायची नाही. आणि मिस्त्री, ज्यांच्याकडून घरी दिवसाकाठी चार शब्द निघत नसत, तिला प्रश्न विचारायचे.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं कांडी त्या रात्री आरशासमोर स्वतःशीच म्हणाली. आरशातले तिचे ओठ पातळ होते, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे. एके काळी याच ओठांकडे बघताना मिस्त्रींच्या हातातून पाना पडला होता आणि मुकादमाने त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं.

तेव्हा ती दोघं कापडाच्या गिरणीत होती. ती मागावर, मिस्त्री माग दुरुस्त करायला. कांडी हे तिचं खरं नाव नव्हे. सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन ती मागांच्या रांगांतून अशी सुळकन जायची, आणि अंगानेही तशीच बारीक होती, म्हणून गिरणीने ते नाव ठेवलं. अंग भरलं तरी नाव राहिलं. त्या खात्यात शेकडो माग एकदम चालत. आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटत, जमीन थरथरे, दातांत कळ यायची. तिथे आवाज करून बोलणारा मूर्ख ठरायचा. बोलायचं ते नुसत्या ओठांनी, तोंड नीट उघडून, समोरच्याकडे वळून. नवी पोरगी आठवडाभर भांबावलेली असायची आणि महिन्याभरात सगळ्या खात्याच्या भानगडी तिला पाठ व्हायच्या. सासवांची उणीदुणी, कुणाचं पोर रांगायला लागलं, संध्याकाळी भाजी काय करायची, सगळं त्या कल्लोळात शांतपणे चालायचं. मुकादमाची टवाळी तर त्याच्या नाकासमोर व्हायची, कारण तो हिशेबनीसाच्या खोलीतून आलेला, त्याला ओठ वाचता येत नसत.

मिस्त्रींनी तिला चार मागांपलीकडून विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी नदीवर येतेस का. तिने म्हटलं होतं, आधी कोपरापर्यंत तेल आहे ते धुवा. सगळ्या खात्याने ते वाचलं आणि तेल धुवा ही पुढे वर्षभराची थट्टा झाली. घरच्यांना मात्र लग्न ठरेपर्यंत पत्ता नव्हता. असली मागणी कुणाच्या कानावर जाणार कशी?

पुढे गिरणी बंद पडली. त्या गोंगाटाने मिस्त्रींचा उजवा कान कधीच नेला होता, डावा शाबूत होता. म्हणून कांडी रस्त्यावर, समारंभात, पलंगावर, कायम त्यांच्या डाव्या हाताला. घरात मात्र शांतता होती आणि शांततेत आवाज चालतो. आवाज असला की तोंड दाखवावं लागत नाही. ती ओट्याकडे तोंड करून बोलायची, कपाटात डोकं घालून बोलायची, ओठांत टाचण्या धरून बोलायची. अलीकडे दोनेक वर्षं मिस्त्री सगळ्याला नुसतं हं म्हणायचे. वीज गेली, हं. लेकीचा फोन आला होता, हं. तुमच्या पोटात काय दगड भरलेत का, हं. पालथ्या घड्यावर पाणी. बायको जुनी झाली की तिच्या बोलण्याचा पाऊस कौलांवर पडतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर रुसायचंही सोडलं होतं. पण त्या माणसाला ऐकता येतं, मान डोलावता येते, विचारता येतं, फक्त तिच्यासाठी नाही, हे बघणं काही औरच होतं.

तिसऱ्या दिवशी जहाज एका बंदराला लागणार होतं. तिथून आत, डोंगराच्या पायथ्याशी, फार जुन्या शहराचे अवशेष होते. जहाजाच्या बसेस जाणारच होत्या, पण बातम्यावाल्या बाईंचं म्हणणं पडलं, की बसवाले झेंड्यामागून मेंढरांसारखं पळवतात आणि निम्मा वेळ दुकानात घालवतात. बंदराच्या मागेच स्टेशन आहे, छोटी गाडी जाते, आपण तिघं आपले आपण जाऊ. मिस्त्रींचे डोळे लकाकले.

रात्री खोलीत कांडीने बॅगेत डोकं घालून औषधांची पिशवी शोधता शोधता स्पष्ट सांगितलं, की मला हे पसंत नाही. बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपापलं गेलेल्यांसाठी कुणी थांबत नाही. परक्या मुलखात राहिलो तर? तुम्हाला जायचं तर जा तुमच्या बाईबरोबर.

मिस्त्री म्हणाले, "हं."

सकाळी ते बूट घालून दारात उभे. ती नको म्हणाली होती याची त्यांना जणू खबरच नव्हती. तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि निघाली. त्या दोघांना एकटं सोडण्याइतकी ती काही साधी नव्हती.

गाडीत समोरासमोर बाकं होती. कांडी सवयीने नवऱ्याच्या डाव्या हाताला खिडकीशी बसली. बाई मिस्त्रींच्या बरोबर समोर. गाडी जुनी, सांधे खिळखिळे झालेली, खडखडाट असा की कांडीला स्वतःचा श्वास ऐकू येईना. पण बाई सांगत होती आणि मिस्त्री समजून घेत होते. शहर कसं समुद्राकाठी होतं, नदीने गाळ आणून आणून बंदर कसं बुजवलं, समुद्र मागे सरकला, व्यापार गेला, माणसं गेली.

"आणि विणकर?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते सगळ्यांत शेवटी गेले म्हणतात," बाई म्हणाली. "माग हलवायचा म्हणजे घर हलवायचं."

मिस्त्री मनापासून हसले. कांडी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर एक माणूस शिडीवर चढून घराची भिंत रंगवत होता आणि त्याची बायको खालून शिडी धरून त्याला काहीतरी ऐकवत होती. एरवी तिने मिस्त्रींना कोपर मारून दाखवलं असतं. आज ती काचेकडे बघूनच म्हणाली, की माझं डोकं दुखतंय. मिस्त्रींनी मानसुद्धा वळवली नाही. समोर लाल ओठ हलत होते ना.

स्टेशनपासून अवशेष जवळच होते. आत शिरताच लांब दगडी रस्ता, मधोमध चाकांनी पाडलेले चर, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उरलेल्या भिंती. खांब उभे होते, पण त्यांनी तोलायचं छप्पर नव्हतं. कांडीला ते आवडलं. मुख्य म्हणजे ती घरं होती. उंबरे मधोमध झिजलेले, एका चुलीच्या कोनाड्यात अजून काळं. कोण्या बाईने इथे भांडं उतरवताना हात भाजून घेतला असेल आणि नवऱ्याने विचारलं नसेल. ती वाकून बघत राहिली आणि मागे पडली.

पुढे वळणावर एक खोली दोरी लावून राखलेली होती. तिथे मिस्त्री गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते, शेजारी बाई. जमिनीवर भाजलेल्या मातीचे मुठीएवढे गोळे रांगेने पडले होते, प्रत्येकाला वर भोक. कांडीला बघताक्षणी कळलं. उभ्या सुतांना खालून ताण द्यायला बांधायची वजनं. माग जळून गेला असेल, सूत कुजून गेलं असेल, पण वजनं जिथे गळली तिथेच राहिली, रांग न मोडता. विणता विणता कुणी उठून गेलं होतं.

आणि ते मिस्त्री त्या बाईला दाखवत होते. हवेत उभी सुतं ओढून, बोटांनी धोटा फेकून. पन्नास वर्षांत जगात जी एक गोष्ट फक्त त्या दोघांची होती, ती परकीच्या हवाली चालली होती. "असं," ते म्हणत होते, "आणि ही सुटली की कापड सैल." बाई मान डोलावत होती. तिने आयुष्यात कधी तुटलेलं सूत सांधलं नसेल.

कांडीच्या आत काहीतरी तडकलं. ती त्यांच्याजवळ गेली, पण त्यांच्याकडे बघणं तिला जमेना. डोळे भरले असते आणि ते बाईला दिसले असते. तिने पाठ फिरवली आणि रस्त्याकडे तोंड करून, चांगल्या खड्या आवाजात म्हणाली, "मी स्टेशनवर जाते. तुमचं आटोपलं की या. नाही आलात तरी चालेल."

बाई तेवढ्यात कोपऱ्यातली पाटी वाचायला पलीकडे गेली होती. मागून हं आलं नाही, काहीच आलं नाही. कांडी चालू लागली. दर दहा पावलांवर तिला वाटत होतं की आता हाक येईल. फाटकापर्यंत आली नाही.

स्टेशनवर दोन फलाट होते, मधे रूळ आणि वरून लोखंडी पूल; पलीकडच्या फलाटामागून मालगाड्यांचे वेगळे रूळ. परतीची गाडी पलीकडच्या फलाटावर लागते, हे तिकिटं देणाऱ्याने हातवारे करून समजावलं. ती पूल चढून पलीकडे गेली आणि बाकावर बसली. सुरुवातीला राग इतका छान पेटलेला होता की ऊब येत होती. तिने सगळं आखलं. जहाजावर जाऊन बॅग भरायची. लेकीला फोन करायचा. नको, लेकीला नको, ती बापाचीच बाजू घेईल. मग ऊब ओसरली आणि ती पुलाकडे बघायला लागली. गाडीची वेळ जवळ येत होती. ही चुकली तर पुढची संध्याकाळी, तोवर जहाज गेलेलं असणार. राहू देत दोघांना इथे, खांब मोजत, असं तिने म्हणून पाहिलं, पण ते तोंडात कडू लागलं.

पुलावरून बाई आली, एकटी, धापा टाकत. केस सुटलेले, ओठांची लाली पुसून गेलेली.

"तुम्ही इथे? अहो, ते तिकडे एकेका भिंतीमागे तुम्हाला शोधतायत. मला म्हणाले, तुम्ही स्टेशनवर बघा, मी वरच्या बाजूला बघतो."

"सांगून आले होते मी."

"कुणाला?"

"त्यांनाच. अगदी जवळ उभं राहून."

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "त्यांच्याकडे तोंड होतं तुमचं?"

बाई शेजारी बसली आणि तिने आवाज उतरवला, म्हणजे बातम्यांचा आवाज बाजूला ठेवला.

"तुम्हाला माहीत असणार असं मी धरून चालले होते. त्यांना काही ऐकू येत नाही हो. डाव्या कानानेही. मी सगळ्यांत आधी रुमालावरून ओळखलं, तोंड झाकलं की ते थांबायचे. विचारलं तर म्हणाले, बाई, तुमचं बोलणं मला दिसतं."

कांडीला आधी वाटलं ते हायसं, आणि त्या हायसेपणाची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. मग पाठोपाठ दुसरी कळ आली. हिला सांगितलं. दोन दिवसांच्या ओळखीत हिला सांगितलं, मला नाही. आणि तिसरी सर्वांत खोल गेली. जगात एका माणसाने हे न सांगता ओळखायला हवं होतं. रुमाल खाली येईपर्यंत घास थांबला, हे तिने बघितलं होतं की. गिरणीतली पहिल्या आठवड्याची पोरगीसुद्धा त्यावरून समजली असती. आणि तिला त्यात फक्त लाली दिसली. दोन वर्षं ती त्यांना पाठमोरी बोलत होती आणि वर पालथा घडा म्हणत होती.

तेवढ्यात मिस्त्री आले, पण समोरच्या फलाटावर. सकाळी जिथे उतरले तिथेच. घामाघूम, हातात टोपी, फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते. त्यांचा चेहरा कांडीने असा कधी पाहिला नव्हता. पोर हरवलेल्या माणसाचा असतो तसा.

बाई उठून ओरडायला गेली आणि नेमकी त्याच वेळी कांडीच्या पाठीमागच्या रुळांवरून मालगाडी आली. लांबच लांब, डबे आपटत, फलाट थरथरवत. बाईचा तो देशभर गाजलेला आवाज तिच्या तोंडातून निघाला आणि तिथेच विरला. तिने हतबल होऊन कांडीकडे पाहिलं.

कांडी फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाय रोवले, जसे मागापाशी रोवायची. त्या थरथराटाने तिच्या अंगात काहीतरी जागं झालं. मिस्त्रींची नजर फिरत फिरत तिच्यावर आली आणि ठरली. तिने तोंड नीट उघडून, बिनआवाजी, एकेक शब्द वेगळा काढून म्हटलं, तिकडे नाही. गाडी इकडे. पुलावरून या.

रुळांपलीकडून मिस्त्रींचे ओठ हलले. कुठे होतीस?

सांगितलं होतं. पाठ फिरवून सांगितलं. चुकलं माझं.

मिस्त्री फलाटाच्या कडेशी आले. मग त्यांनी विचारलं, रागावलीस?

कधीची. आधी पूल चढा, गाडी येतेय.

म्हातारा माणूस पूल चढला तो पंचविशीतल्यासारखा. मालगाडी संपली आणि लगेच त्यांची गाडी आली. बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

डब्यात बाई चढून समोरच्या बाकाकडे वळली, पण कांडी आधीच तिथे बसली होती, मिस्त्रींच्या बरोबर समोर, गुडघ्याला गुडघा लावून. बाई पलीकडच्या खिडकीशी गेली. गाडी खडखडू लागली तेव्हा कांडीने ओठांनीच विचारलं, की मला का नाही सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आता लपवायला तोंड फिरवणं शक्य नव्हतं.

मिस्त्रींनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "एक कान गेला तेव्हा तू डाव्या अंगाला चालायला लागलीस," ते म्हणाले. ते आवाज काढून बोलले, जरा मोठ्यानेच, कारण आवाज किती निघतोय ते त्यांना समजत नव्हतं. "दुसरा गेला म्हटल्यावर कुठल्या अंगाला चालशील, ते मला कळेना."

समोरून, कांडी म्हणाली. उलटी चालेन.

मग ती बरंच बोलली. दोन वर्षांचं साठलेलं. शिडीवरच्या माणसाचं, चुलीतल्या काळ्याचं, ती मातीची वजनं त्यांनी त्या बाईला आधी दाखवली त्याचं. शेवटचं तिने दोनदा सांगितलं. मिस्त्री म्हणाले, तुला हाका मारल्या होत्या, तू भिंतीमागे होतीस, आणि कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवेना. तिने ते मान्य केलं नाही, पण पुढे चालवलंही नाही. हं म्हणायची पाळी आता तिची होती.

बंदर जवळ आलं. जहाजाचं धुराडं झाडांवरून दिसायला लागलं आणि कांडीच्या जिवात जीव आला. मिस्त्रींनी पलीकडे डुलक्या घेणाऱ्या बाईकडे बघितलं, पुढे झुकले आणि आता त्यांनीही आवाज बंद केला. निव्वळ ओठांनी विचारलं, लोक तिच्याकडे वळून वळून बघतात, वाढणारा थबकतो. तिचा आवाज आहे तरी कसा गं?

कांडीला तो आवाज ठाऊक होता. गिरणी बंद पडली त्या वर्षी, रिकाम्या संध्याकाळी, तोच आवाज स्वयंपाकघरातल्या फळीवरून यायचा. वाईट बातमीसुद्धा तो अशी सांगायचा की माणसाला वाटावं, कुणी पाठीवर हात ठेवून सांगतंय. हातातलं काम टाकून ती ऐकत बसायची. बातम्या संपल्या तरी रेडिओ बंद करायचं जिवावर यायचं. मिस्त्री तेव्हा कामाच्या शोधात बाहेर असत. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता आणि आता ऐकणारही नव्हते.

तिने बाईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. मग तोंड चांगलं उघडून, एकेक शब्द धुऊन, पिळून, वेगवेगळा वाळत घालत म्हणाली, घोगरा. फुटक्या मडक्यासारखा.

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत राहिले. बराच वेळ, टक लावून. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते मोठ्याने, अगदी बेताल हसले. बाई दचकून जागी झाली आणि काय झालं म्हणून विचारू लागली.

"काही नाही हो," कांडी म्हणाली. "आमच्या गिरणीतली जुनी गंमत."

आणि उतरायची वेळ आली तरी ती समोरच्या जागेवरून सगळ्यांत शेवटी उठली.